आडोसा भाड्याने मिळेल

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. दोन्ही गोष्टी माणसाने आयुष्यात एकदा कराव्यात आणि त्यांतून शहाणे व्हावे, असा त्याचा अर्थ. आमच्या घराण्याची गंमत अशी, की आम्ही तीन पिढ्या दुसऱ्यांच्या लग्नासाठी घरे बांधत आलो आहोत. सकाळी बांधायचे, वऱ्हाड जेवून उठले की सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी पुन्हा उभे करायचे. एवढी घरे बांधून आम्ही किती शहाणे झालो, ते आमच्या गिऱ्हाइकांना विचारावे. पण बांधलेले नीट सोडणे ही बांधण्याइतकीच मोठी विद्या आहे, एवढे मात्र आम्हांला पुरते कळले आहे.

थोडक्यात सांगायचे तर आमचा मांडवाचा धंदा आहे. मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकतो आणि सुट्टीत गोदामाची वही लिहितो. बेळगावात हा धंदा दोन भाषांत चालतो. शहापुरातल्या गिऱ्हाइकाला 'मांडव' हवा असतो, बैलहोंगलकडच्या गिऱ्हाइकाला 'हंदर' आणि सरकारी कचेरीला 'पेंडॉल'. बांबू तेच, गाठ तीच. बिलावरचा शब्द तेवढा निराळा. आजोबांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्यापाशी बांबू, वासे, काथ्या, ताडपत्री, चार कनाती आणि दोन गॅसबत्त्या एवढेच भांडवल होते. बाबा आणि काका यांच्या काळात लोखंडी पाइप आले, झालरीचे छत आले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. पुढे मोठमोठ्या समारंभांना ॲल्युमिनियमचे 'जर्मन हँगर' दिसू लागले. ते आमच्या ऐपतीपलीकडचे होते, म्हणून आम्ही ते दुरूनच पाहिले.

वर्गात आम्हांला स्थिर खर्च, बदलता खर्च, घसारा वगैरे शिकवतात. या सगळ्याचा अर्थ मला आमच्या गोदामात कळला. भाड्याच्या धंद्यात वस्तू किती आहेत याला फारसे महत्त्व नाही. ती वस्तू वर्षातून किती दिवस बाहेर आहे याला आहे. समजा, एका वस्तूची किंमत शंभर रुपये आणि तिचे दिवसाचे भाडे दोन रुपये. ती वर्षातून तीस दिवस बाहेर गेली तर साठ रुपये मिळणार. मुद्दल सुटायला पावणेदोन वर्षे जाणार. तीच शंभर दिवस गेली तर सहा महिन्यांत मुद्दल मोकळे. गोदामात पडलेली कनात मात्र रोज काहीतरी खातच असते. जागा खाते, उंदरांना खाऊ घालते आणि पावसाळ्यात तिच्यावर बुरशी चढली की स्वतःलाही खाते.

आणि आमचे दिवस तर पंचांगाने बांधलेले! तुळशीचे लग्न लागले की आमचा हंगाम सुरू. आषाढी एकादशी आली की चातुर्मास आणि आम्ही मोकळे. मध्ये पौष येतो, कधी अधिक महिना येतो, कधी गुरू-शुक्राचा अस्त होतो. गणपतीचे दहा दिवस आणि नवरात्र सोडले तर बेळगावच्या पावसात चार महिने माल कोरडा ठेवणे हाच धंदा. अमेरिकेतल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत मागणीच्या चढउतारांवर पुष्कळ लिहिलेले असते. परंतु गुरूचा अस्त मला त्यांत कुठे आढळला नाही.

या धंद्याचा कणा किती नाजूक आहे हे २०२० साली कळले. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि ऐन चैत्र-वैशाखातली लग्ने मोडली, म्हणजे पुढे गेली किंवा चार माणसांत घरातच लागली. घेतलेले बयाणे परत करताना बाबांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हते. आमच्याकडे चौदा गडी होते. त्यांतले सहा उद्यमबागेतल्या फौंड्रीत लागले ते परत आलेच नाहीत. काकांनी तर एकदा बांबूंना गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली होती. केवळ सोहळ्यावर जगणाऱ्या धंद्याला सोहळा नसेल तेव्हा काय करायचे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या जेवणाच्या पाटावर बसला तो उठेना.

त्याचे उत्तर आले काकूंकडून, तेही निराळ्याच वाटेने. २०२२ साली आमच्या भागातल्या एका गावी ग्रामदेवता लक्ष्मीची यात्रा होती. या यात्रा बेळगाव-खानापूर भागात पुष्कळ वर्षांनी भरतात, त्यामुळे गावाचा उत्साह अफाट असतो. माहेरवाशिणी येतात, पाहुणे येतात, रात्री नाटक किंवा ऑर्केस्ट्रा असतो. मांडव आमचा होता आणि काकू हिशेबासाठी आल्या होत्या. संध्याकाळी ऑर्केस्ट्रातल्या दोघी मुली कपडे बदलत होत्या: आमच्या टेंपोच्या मागे, दोन बायकांनी लुगडे धरून केलेल्या आडोशात. पलीकडे पोरे शिट्या मारीत होती. रात्री हिशेबाला बसल्यावर काकू म्हणाल्या,

"छताचं भाडं लावलंय, कनातीचं लावलंय, खुर्चीचं लावलंय. बायकांनी जायचं कुठं, त्याचं काय लावलंय?"

"ते कमिटीनं बघायचं, वैनी," बाबा म्हणाले.

"कमिटीत बायका किती हाईत, भावजी?"

बाबा गप्प बसले. काकाही गप्प बसले. मी वहीत डोके खुपसले. पण तो प्रश्न तिथेच राहिला नाही. लग्नात साड्या बदलायला नवरी कुणाच्या तरी भुसाऱ्याच्या खोलीत जाते. तान्ह्या पोराला पाजायला आई भिंतीकडे तोंड करून बसते. दागिन्यांची पेटी मांडीवर घेऊन एक आत्या जेवणाशिवाय राहते. तीन पिढ्या आम्ही माणसांना सावली पुरवत होतो. आडोसा कुणी मागितला नव्हता, कारण ज्यांना तो हवा होता त्या ठरवायला कधी आल्याच नव्हत्या.

माझ्या वाचनात जे आले ते सांगतो. घडीच्या घरांची कल्पना काही नवी नाही. मोगल बादशहाच्या स्वारीत तंबूंचे दोन संच असत. एकात बादशहा मुक्कामाला असे, दुसरा 'पेशखाना' म्हणून पुढच्या मुक्कामी आधीच जाऊन उभा राही. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर हा फार मोठा धडा आहे: एक संच सोडताना दुसरा उभा असला पाहिजे. १८३० च्या दशकात लंडनच्या मॅनिंग नावाच्या सुताराने ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या वसाहतवाल्यांसाठी सुटे करून जहाजात भरता येणारे लाकडी घर काढले. त्याचा कुठलाही तुकडा एका माणसाला उचलता यावा, अशी त्याची रचना होती. १८५१ च्या लंडनमधल्या प्रदर्शनासाठी पॅक्स्टनने बांधलेला प्रसिद्ध काचमहाल तर सोडून सिडनहॅमला नेला आणि १८५४ मध्ये तिथे मोठ्या रूपात पुन्हा खुला केला. म्हणजे तोही एक मांडवच, फक्त काचेचा!

आपल्या गावालाही या विद्येचा मोठा इतिहास आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हे. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने टिळकवाडीच्या बाजूला 'विजयनगर' नावाचे तात्पुरते नगर उभे राहिले आणि अधिवेशन संपल्यावर ते उठले. राहिली ती त्या वेळी पाण्यासाठी खणलेली विहीर. तिला आजही आपण काँग्रेस विहीर म्हणतो. मांडव उभारणाऱ्याच्या नजरेने मी जेव्हा जेव्हा त्या विहिरीकडे पाहतो तेव्हा मला वाटते, की छप्पर उभे करणे हे सोपे काम. माणसे चार दिवस राहायची म्हणजे पाणी, संडास, न्हाणी आणि बंद होणारे दार यांचा विचार आधी करावा लागतो. तो विचार त्या लोकांनी केला होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पत्र्याच्या तयार खोल्या, ज्यांना सगळे 'पोर्टा केबिन' म्हणतात, त्या रस्त्याच्या कामांवर आपण पाहतो. आम्ही त्यांची चौकशी केली होती. अडचण अशी, की वीस फुटी खोली न्यायला एक अख्खी लॉरी लागते. त्या लॉरीत पत्रा थोडा आणि हवा फार. म्हणजे गिऱ्हाइकाने हवेचे भाडे भरायचे. घडीच्या खोलीने ही अडचण दूर केली. आम्ही घेतलेली खोली उभी केली की सुमारे एकोणीस फूट लांब, आठ फूट रुंद आणि आठ फूट उंच होते. घडी घातली की तिची उंची उरते दीड फूट. लांबच्या दोन भिंती मधोमध बिजागरीवर आत दुमडतात, आडव्या दोन भिंती तळावर निजतात आणि छप्पर त्यांवर येऊन बसते. जणू ट्रंकच. वजन सव्वा टनाच्या घरात, म्हणून उचलायला हायड्रा लागतो. हायड्राने छप्पर चार कोपऱ्यांना धरून वर घेतले की भिंती आपोआप उलगडत जातात; मग आडव्या भिंती उभ्या करून बोल्ट आवळायचे. दार, खिडकी, विजेच्या तारा आतच असतात. लॉरीत एकावर एक चार घड्या बसतात. चार खोल्या, एक फेरी!

हे सगळे कागदावर छान. पण खरेदीसाठी कर्ज काढायचे म्हणजे गोदाम गहाण टाकायचे आणि गोदाम आजोबांच्या हातचे. काका म्हणाले, "मांडववाल्यानं मांडव घालावा, खोल्या बांधायला गवंडी हाईत." बाबांना टाळेबंदीची आठवण होती. मी वही काढून मागच्या तीन वर्षांचे दिवस मोजून दाखवले: आमचे छत वर्षात साठ-पासष्ट दिवस बाहेर असते, बाकी तीनशे दिवस आम्ही त्याची राखण करतो. खोलीला मात्र मुहूर्त लागत नाही. शेवटी दोनच खोल्या घ्याव्यात, असे ठरले. हप्ता चुकला तर गोदाम जाणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. त्या महिन्यात घरात कुणी मोठ्याने बोलले नाही.

पहिल्या लग्नात आम्ही एक खोली नवरीसाठी दिली. आरसा, पंखा, दोन खुर्च्या, आतून कडी. वधूपित्याने "हे कशाला?" म्हणून भाड्यात घासाघीस केली. पण मुलीच्या आईने त्या खोलीत पाय टाकला, कडी लावून पाहिली, काढून पाहिली आणि बाहेर येऊन नवऱ्याला सांगितले, "राहू दे ते." त्या महिन्यात त्यांच्याच पाहुण्यांतून आम्हांला तीन लग्ने मिळाली. आमची जाहिरात पेपरात नव्हती. बायकांच्या बोलण्यात होती. तिचा खर्च शून्य आणि पोच कोणत्याही फलकापेक्षा मोठी.

मग हळूहळू दिवस भरू लागले. यात्रेत प्रथमोपचाराची खोली. गणपतीत मंडळाच्या पेटीची आणि वाद्यांची खोली. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरते, तेव्हा बंदोबस्ताला बाहेरगावचे पोलीस येतात आणि मागण्या घेऊन मोर्चेही येतात. मांडववाल्याला पक्ष नसतो. आमचे छप्पर दोन्हीकडे जाते. आषाढ लागला की मांडवाचे गडी पूर्वी घरी बसत. आता त्या दिवसांत खोल्या बांधकामांवर कचेरी किंवा रखवालदाराची खोली म्हणून महिन्याच्या भाड्याने जातात. दोनच्या सहा झाल्या, सहाच्या आठ झाल्या. गेल्या वर्षीच्या वहीत खोल्यांचे सरासरी दिवस दोनशेच्या पुढे आहेत. गोदाम अजून गहाण आहे, पण हप्ता एकही थकलेला नाही.

यातला एक पेच मी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम नोंदवतो. महिन्याचे भाडे दिवसाच्या हिशेबाने फार कमी पडते. लग्नाचे एका दिवसाचे भाडे त्याच्या कितीतरी पट असते. कार्तिकात बांधकामवाला म्हणतो, खोली अजून चार महिने राहू दे. राहू दिली तर पैसा बांधलेला पण थोडा. आणली तर लग्नाचा पैसा मोठा पण मुहूर्तावर टांगलेला. आम्ही सध्या तीन खोल्या बांधकामावर ठेवतो आणि पाच हंगामासाठी राखतो. हप्ता तिघींनी भरायचा, नफा पाचींनी आणायचा. हे सूत्र कुठल्या पुस्तकातले नाही, काकूंचे आहे.

अर्थात ही खोली म्हणजे कामधेनू नव्हे. पहिल्याच पावसाळ्यात बिजागरीच्या फटीतून पाणी झिरपले. ज्यांच्याकडून माल घेतला त्यांनी पत्रांना उत्तरे दिली, माणूस काही पाठवला नाही. शेवटी आमच्याच गड्यांनी रबराच्या पट्ट्या बदलल्या. हायड्रा अरुंद गल्लीत शिरत नाही. आणि जमीन सपाट नसेल तर दार लागत नाही. दार न लागणारी खोली म्हणजे पुन्हा ते धरलेले लुगडेच.

सर्वांत गंभीर गोष्ट आगीची. भिंतीत दोन पत्र्यांच्या मध्ये जो थर असतो तो स्वस्त खोलीत थर्मोकोलचा असतो. तो पेटतो आणि विषारी धूर करतो. दगडी लोकरीचा, म्हणजे रॉक वूलचा, थर महाग पडतो आणि वजनही वाढवतो, पण पेटत नाही. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने एक तारीख लक्षात ठेवावी: २३ डिसेंबर १९९५. हरियाणातल्या डबवाली गावी शाळेच्या बक्षीस समारंभात कृत्रिम धाग्याच्या मांडवाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत बहुसंख्य मुले होती. ती मुले नाटुकली आणि गाणी करायला आली होती. बाबांनी ही हकीकत मला पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी आठवीत होतो आणि तेव्हापासून मी कुठल्याही मांडवात शिरलो की आधी बाहेर पडायच्या वाटा मोजतो. दुसऱ्या वेळी खोल्या घेताना आम्ही रॉक वूलच्याच घेतल्या. पहिल्या दोन थर्मोकोलच्या आहेत. त्या आम्ही समारंभाला देतच नाही, बांधकामावरच ठेवतो, आणि त्यांत शेगडी लावायची नाही हे करारपत्रात मराठी व कानडी दोन्हींत लिहितो.

आणखी एक प्रश्न माणसांचा. आमचे थोरले मिस्त्री गेली चाळीस वर्षे काथ्याच्या गाठी मारीत आले. वादळात पाइप वाकले पण त्यांची गाठ सुटली नाही, असे लोक सांगतात. बोल्टाच्या खोलीत गाठीला काम नाही. खोल्या आल्या त्या दिवशी ते गोदामाच्या दारात बसून राहिले, आत आले नाहीत. पुढे जमीन सपाट नसल्यामुळे दार अडकू लागले तेव्हा त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरले, चारी कोपऱ्यांना धरले आणि कुठल्या कोपऱ्याखाली किती फळी घालायची ते नुसत्या नजरेने सांगितले. आज खोली कुठे बसवायची हे तेच ठरवतात. हायड्रावाला त्यांच्या बोटाकडे पाहून काम करतो. मांडवही ते अजून घालतात. पण त्यांच्या गाठी शिकायला कुणी तरुण गडी येत नाही. याचा हिशेब कोणत्या खात्यावर टाकावा, हे माझ्या वहीला सुचत नाही.

धंदा वाढला म्हणजे काय झाले, असे मला कुणी विचारले तर मी आठ खोल्या किंवा दोनशे दिवस सांगू शकेन. काकूंचे माप निराळे आहे. त्यांनी एक नियम घातला आहे: यात्रा असो, नाटक असो, बायका जिथे कला सादर करणार तिथे अंदाजपत्रकात एक खोली पहिल्या ओळीत लिहायची. कमिटीला खर्च कमी करायचा असेल तर कमान कापावी, रोषणाई कापावी, ती ओळ नाही. या नियमापायी दोन यात्रा आमच्या हातून गेल्या. दुसऱ्याने कमी दर दिला, खोलीशिवाय. काकू म्हणाल्या, "जाऊ दे. पुढच्या खेपेला त्यांच्या लेकीच सांगतील." एका गावाने खरोखरच या वर्षी परत बोलावले. दुसऱ्याची यात्रा भरायला अजून बरीच वर्षे आहेत; आम्ही वाट पाहू.

जाता जाता माझ्या मित्रांना आणि गुरुजनांना एक विनंती. आपल्याकडेही दरवर्षी स्नेहसंमेलन होते. नृत्य बसवणाऱ्या आपल्या भगिनी प्रयोगशाळेच्या टेबलामागे, खिडक्यांना वर्तमानपत्रे चिकटवून, वेषभूषा करतात, हे आपण सारे जाणतो. येत्या वर्षी सांस्कृतिक मंडळ खर्चाचे अंदाजपत्रक करील तेव्हा ध्वनिक्षेपक, रोषणाई आणि पाहुण्यांचे हार यांच्या आधी एक ओळ लिहावी: आतून कडी लागणारी एक खोली. ती आमच्याकडूनच घ्यावी असे नाही. जिने मिळेल तिथून घ्यावी, पण आधी तिची कडी लावून पाहावी.